नाकाने चित्र पाहणारा माणूस

चित्रसंग्रहालय कुणासाठी असतं, या प्रश्नाला सरकारी उत्तर एकच आहे: जनतेसाठी. जनता येतेही. शाळेची सहल येते, मुलं दोन रांगांनी आत शिरतात आणि एका लोंढ्याने बाहेर पडतात, आणि तेवढ्या वेळात गुरुजी भिंतीवरच्या डोक्यांकडे ढुंकूनही न पाहता जमिनीवरची डोकी मोजत असतात. देवदर्शनाला आलेली कुटुंबं ‘आलोच आहोत तर हेही उरकून घेऊ’ म्हणून येतात आणि ओळखीचं नाव दिसेल तिथे घटकाभर थांबतात. प्रबंध लिहिणारे येतात. त्यांना चित्रापेक्षा चित्राखालची पाटी प्यारी, कारण तळटीपेत जायची असते ती पाटी. भर दुपारी सावलीसाठी येणारे तर सगळ्यांत निष्ठावंत. या सर्वांचं वागणं एकंदरीत सभ्य असतं. असभ्य वागतो तो एकटा चित्रकार. आणि माझं म्हणणं असं आहे की, जिल्ह्याजिल्ह्यातली ही लहान संग्रहालयं खरोखर कुणाच्या कामाची असतील तर ती या असभ्य माणसाच्याच. बाकीच्यांनी खुशाल मुंबईला जावं. तिथे पाहून झाल्यावर चहाचीही सोय असते.

चित्रकार संग्रहालयात कसा वागतो हे पाहायचं तर त्याच्या मागे मागे हिंडावं, पण अंतर राखून, कारण हा गृहस्थ कोणत्याही क्षणी मागे न बघता उलटा चालू लागतो. आधी तो चित्राच्या इतका जवळ जातो की नाकाला रंग लागायचाच काय तो बाकी राहतो. मग बाजूला सरकून, मान वाकडी करून चित्राकडे कडेने बघतो. त्या कोनातून चित्र कशाचं आहे ते कुणालाच दिसत नाही. पण रंगाचा थर कुठे जाड आणि कुठे पातळ हे दिसतं, आणि त्याला तेवढंच हवं असतं. त्यानंतर झपाझप मागे येणं, मागच्या कुणाच्या तरी पायावर पाय देणं, एक डोळा पूर्ण मिटणं आणि दुसरा अर्धा. डोळे मिटून चित्र बघणारा माणूस दिसला की पहारेकरी खुर्चीतून उठतो, आणि त्याला दोष देता येत नाही. डोळे किलकिले केले की तपशील पुसले जातात आणि उजेड-अंधाराचे मोठे गठ्ठे तेवढे उरतात, हे चित्रकाराला इंटरमीजिएटच्या परीक्षेआधी ड्रॉइंगच्या मास्तरांनी शिकवलेलं असतं. पहारेकऱ्याला ते कुणी शिकवलेलं नसतं. शिवाय हा माणूस भिंतीवरच्या बाणांना जुमानत नाही. दालन क्रमांक दोनमधून एकमध्ये येतो, एकमधल्या एकाच चित्रापाशी अर्धा तास काढतो आणि तीनमध्ये पाऊलही टाकत नाही. सगळे नायिकेच्या चेहऱ्याकडे बघत असताना हा तिच्या डाव्या हाताची बोटं मोजतो. हात काढणं महाकठीण, म्हणून कितीतरी नायिका आपले हात पदराआड, फुलांच्या परडीआड किंवा वीणेमागे ठेवून उभ्या असतात. सामान्य प्रेक्षकाला ही गोष्ट जन्मभर कळत नाही आणि चित्रकाराला दुसरं काही सुचत नाही.

दुसऱ्याच्या घरच्या कार्यात पंगतीला बसलेल्या आचाऱ्याची जी गत, तीच याची. आचारी जेवत नसतो, तपासत असतो: आमटीत गूळ आधी पडला की मागून, पुरणाला चटका कुठे बसला, भाताचं आधण किती होतं. यजमानाला वाटतं पाहुणा नाखूश आहे. वास्तविक त्या अख्ख्या पंगतीत स्वयंपाकाकडे लक्ष असलेला तो एकटाच. बाकीचे एकमेकांना आग्रह करण्यात गुंतलेले असतात. संग्रहालयातला बहुतेक प्रेक्षक हा असा आग्रहात गुंतलेला असतो. तो पाहायला येत नाही, मान डोलवायला येतो. चित्र थोर आहे हे त्याला आधीच कळवलेलं असतं. प्रत्यक्ष येऊन त्याने फक्त पोच द्यायची. हे जितकं मोठं संग्रहालय तितकं जास्त. पॅरिसच्या लूव्रमध्ये मोनालिसा आहे, जेमतेम अडीच फूट उंचीची, संरक्षक काचेमागे आणि कठड्यापलीकडे. तिच्यासमोरच्या गर्दीचे हात फोन धरून वर गेलेले असतात आणि बरेच जण तर तिच्याकडे पाठ करून स्वतःसह तिचा फोटो काढत असतात. तिथे आमचा चित्रकार नाक कुठवर नेणार? पुढच्याच्या पाठीपर्यंत. लहान गावच्या संग्रहालयात कठडा नसतो, गर्दी नसते, बहुधा दिवाही बेताचाच असतो. तिथे चित्र थोर आहे की नाही, याचा निकाल आधी लागलेला नसतो. तो स्वतःलाच लावावा लागतो, आणि त्यासाठी चित्र बघावं लागतं. गैरसोयीचा हा फायदा कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत छापलेला नाही.

औंधचंच उदाहरण घ्या. पुण्यात रिक्षावाल्याला नुसतं औंध म्हणाल तर तो बाणेरच्या अलीकडे सोडून मोकळा होईल; हे औंध सातारा जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं, यमाईचं. मूळपीठाच्या डोंगरावर श्रीभवानी वस्तुसंग्रहालय आहे. संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी ते १९३८ साली उभारलं. डोंगरावर कशाला, असं धापा टाकणारे प्रेक्षक विचारतात. पण बाळासाहेब म्हणजे सूर्यनमस्कारांचे प्रचारक. स्वतः नेमाने घालणारे, शाळेतल्या पोरांकडून घालून घेणारे आणि त्यावर पुस्तक लिहिणारे. असा माणूस रविवर्मा पायथ्याशी टांगून ठेवील ही अपेक्षाच गैर. १९३९ साली त्यांनी संस्थानाला घटना दिली आणि राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. महात्मा गांधींचा सल्ला त्यामागे होता, आणि आजही इतिहासाची पुस्तकं त्याला ‘औंधचा प्रयोग’ म्हणतात. मात्र कोणतं चित्र कोणत्या भिंतीवर, हा कारभारही त्यांनी प्रजेकडे दिल्याचं ऐकिवात नाही. लोकशाहीलाही मर्यादा असतात.

माझ्या मुद्द्याला बळ येतं ते यामुळे की, हे संग्रहालय उभं करणारा माणूसच मुळी चित्रकार होता. हौशी म्हणून त्यांची बोळवण करता येत नाही. १९१६ साली त्यांचं चित्ररामायण प्रसिद्ध झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती हाती घेतली, तिच्यामागे बाळासाहेबांची लाखाची देणगी होती आणि त्यांना हवं होतं सचित्र महाभारत. पंडितांना पाठभेद हवे होते, राजाला प्रसंग. तडजोड अशी झाली की पंडितांनी भारतभरच्या पोथ्या गोळा करून शब्दाशब्दाची छाननी केली आणि राजाने चित्रं काढली. शेकडो पोथ्यांतला एक अक्षराचा फरक शोधणारे ते पंडित आणि साडीच्या काठातला एक फटकारा शोधणारा हा चित्रकार, यांच्यात मला तरी जातीचा फरक दिसत नाही. पण पंडिताला लोक विद्वान म्हणतात आणि चित्रकाराला ‘अहो, जरा सरका’ म्हणतात. तर असा हा राजा चित्रं जमवायला निघाला तेव्हा काय झालं? पहाडी लघुचित्रं आली, रविवर्म्यांची तैलचित्रं आली, एम. व्ही. धुरंधर आले, हस्तिदंती आणि संगमरवरी वस्तू आल्या, आणि त्यांच्याच पंक्तीला राजाचीही चित्रं बसली. आपलं चित्र रविवर्म्याच्या शेजारी लागावं, हे कोणत्याही चित्रकाराचं झोपेतलं आणि जागेपणीचं स्वप्न असतं. बाकीचे त्यासाठी समीक्षकांना चहा पाजतात, प्रदर्शनांचे अर्ज भरतात. बाळासाहेबांनी सरळ इमारतच बांधली.

यावर हसावं, पण हसून पुढे जाऊ नये. अशा शेजारामुळे जे शिकता येतं ते निव्वळ उत्कृष्ट चित्रांच्या दालनात शिकता येत नाही. मोठी संग्रहालयं हजारांतून निवडलेलं शंभर नंबरी तेवढं लावतात; उरलेलं तळघरात. उत्कृष्टाच्या शेजारी उत्कृष्ट टांगलं की दोन्हीकडून एकच धडा मिळतो: आपल्याला हे जमणार नाही. चित्रकार खिन्न होऊन घरी जातो आणि आठवडाभर ब्रश धूत बसतो. लहान संग्रहालयात चांगलं, बरं आणि ‘ड्रॉइंग कच्चं आहे’ असं सगळं एका भिंतीवर नांदत असतं. एकाच्या चित्रात नेसूची जर चमचमते आणि शेजारच्याच्या चित्रात ती पिवळ्या सुतळीसारखी पडून राहते, हे लागोपाठ पाहिलं की चित्रकाराचं नाक पुढे सरसावतं. जवळून कळतं की चमकणाऱ्या जरीत सोनेरी रंग जवळजवळ नाहीच. आहे तो तपकिरी, मातकट गेरू, आणि प्रकाश पडेल अशा मोजक्या जागी फिकट पिवळ्याचे चार जाड ठिपके. सोनं प्रेक्षकाच्या डोळ्यात तयार होतं, तेही सहा पावलं मागे आल्यावर. म्हणूनच तो उलटा चालतो. रविवर्म्यांच्या बाबतीत तर हे जवळ जाणं फारच मोलाचं, कारण त्यांना आपण पाहिलेलं असतं ते छापलेलं. १८९४ साली त्यांनी मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि त्या छापांतून लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात आणि दिवाणखान्यात पोचल्या. परिणाम असा की अस्सल तैलचित्रासमोर उभा राहून भला माणूस म्हणतो, ‘आमच्या आजीकडे सेम होतं, फक्त खाली दुकानाचं नाव होतं.’ छापात प्रत्येक रंगाचा दगड वेगळा, एकावर एक ठसा. तैलरंगात ओल्यात ओला मिसळलेला, कुठे पातळ पारदर्शक थर वरून फिरवलेला. आजीचं चित्र आणि हे चित्र एक नव्हे, हे सांगू शकेल असा त्या दालनात एकच इसम असतो, आणि पहारेकरी नेमकं त्यालाच मागे व्हायला सांगत असतो.

आता आक्षेप. पहिला असा की, चित्रकाराचं हे पाहणं कोतं आहे. त्यात रसग्रहण नाही, निव्वळ मत्सर आहे. मत्सर आहे, हे मी मान्य करून टाकतो. दुसऱ्याच्या चित्रातली चूक सापडल्यावर चित्रकाराच्या चेहऱ्यावर जो प्रसन्न भाव येतो तो यमाईच्या गाभाऱ्यातही सहसा दिसत नाही. पण मत्सर हा लक्ष देण्याचा फार प्रामाणिक प्रकार आहे. ज्याच्याविषयी आपल्याला काही वाटत नाही त्याची बोटं आपण मोजत नाही. ‘छान आहे’ म्हणून पुढे जाणाऱ्याने त्या धुरंधरांना काय दिलं? त्यांनी जे. जे. स्कूलमध्ये उभं आयुष्य शिकवलं, निवृत्तीनंतर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ नावाचं आत्मचरित्र लिहिलं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांच्या चुका पाहिलेल्या माणसाला ‘छान आहे’ने काय होणार? त्यांच्या चित्रातल्या घोड्याचा मागचा पाय बरोबर आहे की नाही यावर दोन चित्रकारांनी दालनात हमरीतुमरीवर यावं, यातच त्यांचा मान आहे. कोतेपणाचंही तसंच. चित्र मुळात कोत्या गोष्टींचंच बनतं: एक फटकारा, त्याच्याशेजारी दुसरा. भव्यता नंतर लोक लावतात.

दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे. अशा संग्रहालयांत प्रतिकृती फार असतात. युरोपातल्या चित्रांच्या नकला, अजिंठ्याच्या नकला, पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे. नकलेपुढे नाक घासून चित्रकाराला काय मिळणार? मला वाटतं, नक्कल ही तर चित्रकाराची घरची भाषा. अजिंठ्याकडेच पाहा. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ पासून वर्षानुवर्षं तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. त्यातल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा बसले. त्यांच्याही कितीतरी प्रती १८८५ साली लंडनमध्येच आगीत गेल्या. इतक्या आगी पाहिल्यावर कुणीही शहाण्या माणसाने नाद सोडला असता. चित्रकार शहाणे नसल्यामुळे त्यांनी तो सोडला नाही. आणि १९३२ साली अजिंठ्यावर इंग्रजीत मार्गदर्शक पुस्तक लिहिणाऱ्यांत आमचे औंधचे राजेही निघाले. प्रत करताना माणूस चित्रासमोर जितका काळ बसतो तितका कोणत्याही इतर निमित्ताने बसत नाही. आणि मूळ भिंतीवरचा रंग उडत गेला तर जुन्या प्रतीच साक्षीदार उरतात. मात्र इथे पहारेकऱ्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख फारच एकतर्फी होईल. ग्रिफिथ्सच्या मंडळींनी चित्रं नीट दिसावीत म्हणून अजिंठ्याच्या भिंतींना वॉर्निश लावलं. नंतर निजामाच्या सरकारने इटलीहून आणलेल्या जाणकारांनी शेलॅक लावलं. दोन्ही लेप काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडले आणि खालचं चित्र झाकोळलं. म्हणजे चित्रावर फार प्रेम करणाऱ्याला त्याच्याजवळ फार काळ एकटं सोडू नये, हा पहारेकऱ्यांचा समज पोकळ नाही. नाक चालेल. हात आणि डबा नको.

तिसरा आक्षेप मुंबई-पुण्याच्या बैठकांतून नेहमी निघतो: इतक्या मोलाच्या वस्तू आडगावात कशाला, शहरात आणाव्यात, लोक तरी बघतील. औंधात हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं ‘मदर अँड चाइल्ड’ आहे. आई आणि मूल, दगडातलं. मूरचं काम बघायला लोक लंडन गाठतात, आणि इथे ते यमाईच्या डोंगरावर, बाजरीच्या शिवारात वसलेलं आहे. तेवढ्यावरून त्याला शहरात न्यावं? न्यावं, म्हणजे त्याला काचेची पेटी मिळेल, विमा मिळेल, उद्घाटनाला मंत्री मिळतील आणि त्याच्याखाली लांबलचक माहिती मिळेल. ती माहिती वाचून होईपर्यंत दगडाकडे बघायची गरज संपलेली असेल. औंधात त्याच्यासमोर येणारा पाथरवटाचा मुलगा कदाचित मूरचं नावही ऐकून नसेल. पण छिन्नी कुठून कुठे गेली, दगडाची गोलाई कुठे हाताने घासली आणि कुठे सोडून दिली, हे त्याला पाटी न वाचता दिसेल. शिवाय आई कडेवर पोर घेऊन डोंगर चढते आहे हे दृश्य त्याने येताना वाटेवर पाहिलेलंच असतं. मूळ आणि प्रत इतक्या जवळ ठेवण्याची सोय लंडनला नाही.

हा जवळपणा म्हणजेच प्रादेशिक संग्रहालयाची खरी मिरासदारी, आणि तिचा लाभ कोल्हापूरच्या चित्रकाराइतका कुणालाच होत नसेल. टाऊन हॉलच्या संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या उत्खननातला ब्राँझचा ग्रीक समुद्रदेव पोसायडन आहे. पंचगंगेकाठी समुद्रदेव का, यावर कोल्हापूरकर हवं तितकं बोलू शकतात, पण तो विषय वेगळा. तिथेच आबालाल रहिमान यांचं काम आहे. रंकाळा आणि कोटीतीर्थ यांच्या पाण्यावरचा उजेड या माणसाने जन्मभर रंगवला. पॅरिसमध्ये मोनेची कमळं पाहून बाहेर आलं की समोर रस्ता आणि मोटारी. मोनेने लबाडी केली की नाही हे पडताळायला वेगळी गाडी पकडावी लागते. आबालालना पडताळायला संध्याकाळी चालत रंकाळ्यावर जावं, एक डोळा मिटावा, आणि चौपाटीवर भेळ खाणाऱ्या मंडळींनी आपल्याकडे संशयाने पाहावं. राजारामपुरीत अभिनेते आणि चित्रकार चंद्रकांत मांडरे यांच्या घराचं संग्रहालय झालं आहे. तिथे येणाऱ्या अनेकांना भालजी पेंढारकरांच्या चित्रपटातले शिवाजी महाराज बघायचे असतात. फोटो पाहून ते जातात. मागे राहतो तो पावडर शेडिंगच्या चित्रांपुढे ओणवा झालेला इसम, बोटाने हवेत काहीतरी घासत बसलेला.

अशा इसमांसाठी संग्रहालयांनी काय करावं, यावर माझी मागणी फार माफक आहे. छपराची गळती आणि ओल यांचा बंदोबस्त आधी व्हावा, त्यावर दुमत नाही. त्यानंतर ध्वनिचित्रफिती, रंगीत दिवे, भिंतीवर फिरणारे हत्ती यांवर पैसा घालण्याआधी चित्रकाराला बसायला एक स्टूल आणि पेन्सिलने चित्र उतरवायची परवानगी द्यावी. हे काही जगावेगळं नाही. लूव्रमध्ये नकला करणाऱ्या चित्रकारांना १७९३ पासून प्रवेश आहे. आजही रीतसर परवाना घेऊन ते दालनात घोडी मांडून बसतात. अट एवढीच की नक्कल मूळ चित्राच्या मापाची नसावी आणि मूळ चित्रकाराची सही तिच्यावर उतरवू नये. आपल्याकडे पहारेकरी हरकत घेईल, कारण त्यालाच बसायला धड खुर्ची नसते. तेव्हा स्टुलं दोन घ्यावीत, एक त्यालाही. एका स्टुलावर नाक चित्राला लावून बसलेला आणि दुसऱ्यावरून त्या नाकावर नजर ठेवणारा, अशी दोन माणसं तरी दिवसभर चित्रासमोर राहतील. बऱ्याच दालनांच्या हिशेबाने ही गर्दीच झाली. खर्चाच्या मंजुरीचा प्रस्ताव रीतसर तीन प्रतींत जाईल, आणि त्या तिन्ही प्रती एकाच मापाच्या असल्या, तिन्हींवर एकच सही असली, तरी आमची हरकत नाही.